कुर्ट टँक : रात्रीच्या विमानापासून ‘मारुत’पर्यंत



पुण्यातल्या कमला नेहरू पार्कात ठेवलेलं लढाऊ विमान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. मुलं तिथं गेली की पहिला प्रश्न ठरलेला : हे खरं विमान आहे का? हो, खरं आहे. त्याचं नाव एचएफ-२४ मारुत. भारतात रचना होऊन भारतातच बनलेलं ते पहिलं जेट लढाऊ विमान. दुसरा प्रश्न येतो तो मात्र आपल्याला अडवतो : कोणी बनवलं? आपण ‘एचएएल कंपनीनं’ असं सांगून मोकळे होतो. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. या विमानाचा मुख्य रचनाकार एक जर्मन माणूस होता, आणि भारतात येण्याआधी त्यानं हिटलरच्या हवाई दलासाठी विमानं बनवली होती. त्या माणसाचं नाव कुर्ट टँक. आठवी-नववीच्या मुलांना दुसरं महायुद्ध शिकवताना हे चरित्र फार उपयोगी पडतं, आणि थोडं अडचणीतही टाकतं.

कुर्ट टँक यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८९८ रोजी ब्रॉमबेर्ग या गावी झाला. तेव्हा ते गाव जर्मनीत होतं. आज ते पोलंडमध्ये असून त्याचं नाव बिडगॉश्च आहे. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात होते. युद्ध संपल्यावर बर्लिनच्या तंत्रविद्यालयात शिकले, विद्युत अभियांत्रिकी. पण ओढा विमानाकडे. विद्यार्थी असतानाच दोस्तांबरोबर ग्लायडर बनवायचे आणि स्वतः उडवायचे. ही सवय पुढे आयुष्यभर राहिली. आपण कागदावर काढलेलं विमान स्वतः उडवून पाहणारे मुख्य रचनाकार जगात फार थोडे झाले, टँक त्यांतले एक. रोरबाख, मग मेसरश्मिट यांची कंपनी अशा नोकऱ्या करून १९३१ मध्ये ते ब्रेमेन शहरातल्या फॉके-वुल्फ कंपनीत आले आणि तिथंच त्यांचं नाव झालं. फॉके-वुल्फ २०० ‘कोंडोर’ हे त्यांचं चार इंजिनांचं प्रवासी विमान ऑगस्ट १९३८ मध्ये बर्लिनहून न्यूयॉर्कला मध्ये कुठेही न उतरता गेलं. त्यासाठी त्याला जवळजवळ २५ तास लागले.

आता मुद्द्याकडे येऊ. त्या काळात जर्मन हवाई दलाच्या डोक्यात एक कल्पना पक्की बसली होती. एक इंजिनाचं लढाऊ विमान चपळ असतं, पण इंधन कमी मावतं, त्यामुळे लांब जाता येत नाही. मग दोन इंजिनांचं, मोठं, भरपूर तोफा असलेलं, लांब पल्ल्याचं लढाऊ विमान बनवावं. ते आपल्या बाँबफेकी विमानांबरोबर शत्रूच्या प्रदेशात खोल जाईल आणि त्यांचं रक्षण करील. जर्मनांनी या जातीला ‘विध्वंसक’ असं नाव दिलं. ते विमान मेसरश्मिट यांनी बनवलं : बीएफ ११०. टँक यांनीही याच कल्पनेचं आपलं एक विमान बनवलं होतं, फॉके-वुल्फ १८७ ‘फाल्के’, म्हणजे ससाणा. १९३७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. अंग सडपातळ, आणि मूळ रचनेत जागा एकाच माणसाची. वेग इतका की त्या वेळच्या एक-इंजिनी जर्मन लढाऊ विमानांनाही ते मागे टाकत होतं. पण सरकारी खात्याला विमानात दोन माणसं हवी होती आणि जी ताकदवान इंजिनं टँक यांना हवी होती ती मिळाली नाहीत. एकूण ९ ससाणे बनले आणि प्रकल्प बंद झाला.

बीएफ ११० चं काय झालं? १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवरच्या हवाई लढाईत ते उतरलं आणि त्याची दैना उडाली. विमान जड, वळायला वेळ लागायचा. ब्रिटिशांची स्पिटफायर आणि हरिकेन त्याच्या मागे सहज लागायची. रक्षण करायला पाठवलेल्या विमानांच्याच रक्षणासाठी दुसरी विमानं पाठवायची वेळ आली. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणाला राखण. तसंच.

पण त्याच वर्षी या विमानाला दुसरं काम मिळालं. ब्रिटिश बाँबफेकी विमानं दिवसा फार मार खात होती म्हणून रात्री येऊ लागली. अंधारात त्यांना शोधायचं कसं? रात्रीच्या लढाईला चपळपणा फारसा लागत नाही. लागतं काय, तर तासन्‌तास हवेत थांबता येईल एवढं इंधन, रडारचं जड यंत्र ठेवायला जागा, ते यंत्र वाचायला एक वेगळा माणूस आणि एका फैरीत काम होईल अशा मोठ्या तोफा. हे सगळं दोन इंजिनांच्या जड विमानात होतं. त्याचे दिवसाचे दोष रात्री आडवे येत नव्हते. विमानाच्या नाकावर रडारच्या आकड्या बसवल्या गेल्या. त्या हरणाच्या शिंगांसारख्या दिसत, म्हणून वैमानिकांत त्यांचं टोपणनावही तेच पडलं. त्यांच्यामुळे वेग कमी व्हायचा, पण अंधारात काही किलोमीटरवरचं विमान पडद्यावर दिसायचं. बीएफ ११० बरोबर युंकर्स ८८, डॉर्निए २१७, पुढे हाइंकेल २१९ अशी दोन-इंजिनी विमानं या कामाला जुंपली गेली.

हे वर्गात कळावं म्हणून एक खेळ सुचवते. आंधळी कोशिंबीर आपल्या मुलांना ठाऊक असतेच. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा, तो वैमानिक. दुसऱ्याला बाकावर उभं करा, तो जमिनीवरचा रडारवाला. त्यानं फक्त तोंडानं ‘डावीकडे, आता सरळ, थांब’ असं सांगायचं. तिसरा मुलगा हळूहळू चालत वर्गाच्या या टोकापासून त्या टोकाला जाईल. दोन-तीन प्रयत्नांत तो पकडला जातो. जर्मनांनी १९४० पासून नेमकी हीच व्यवस्था उभारली होती. जनरल काम्हुबर यांनी समुद्रकिनाऱ्यापासून आतपर्यंत आकाशाचे चौकोन पाडले, प्रत्येक चौकोनाला जमिनीवरचं रडार आणि एक शिकारी विमान. आता खेळात बदल करा : एकाच्या जागी दहा मुलं एकदम सोडा. बाकावरचा मुलगा गोंधळून जाईल, एखाददुसराच पकडला जाईल. मे १९४२ मध्ये कोलोन शहरावर ब्रिटिशांनी सुमारे हजार विमानं एका रात्रीत, एका अरुंद प्रवाहात सोडली ती याच हिशेबानं. पुढे जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर येताना त्यांनी धातूच्या कागदाच्या लाखो पट्ट्या हवेत टाकल्या. रडारच्या पडद्यावर सगळीकडे विमानंच विमानं दिसायला लागली. जर्मनांनी मग आपली पद्धत बदलली, शिकारी विमानांना मोकळं सोडलं, आणि तोफा छपरातून तिरप्या वर रोखून बसवल्या. म्हणजे बाँबफेकी विमानाच्या पोटाखाली, जिथून काही दिसत नाही, तिथून मारा करता येतो.

खेळ संपल्यावर मुलं हसत असतात. त्याच वेळी दोन आकडे फळ्यावर लिहावेत असं मला वाटतं. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर निघालेल्या ब्रिटिश विमानांपैकी ९५ परत आली नाहीत. बहुतेक याच रात्रीच्या शिकाऱ्यांनी पाडली. एकेका विमानात सहसा सात जण, बहुतेक विशी-पंचविशीतले. संपूर्ण युद्धात ब्रिटिशांच्या बाँबफेकी दलातले ५५ हजारांहून अधिक तरुण मेले. आणि खाली? जुलै १९४३ मध्ये हँबर्गमध्ये एका आठवड्याच्या हल्ल्यांत ३० हजारांहून अधिक माणसं जळून, गुदमरून मेली, त्यात लहान मुलंही होती. दिवसा नापास झालेलं विमान रात्री पहिलं आलं, यावरून ‘प्रत्येकाची एक वेळ असते’ असा सुविचार काढायचा मोह होतो. कृपा करून काढू नका.

टँक तेव्हा काय करत होते? त्यांचं सर्वांत गाजलेलं विमान, एक इंजिनाचं फॉके-वुल्फ १९०, जून १९३९ मध्ये पहिल्यांदा उडालं होतं आणि पुढे २० हजारांच्या आसपास बनलं. त्यामागचा त्यांचा विचार साधा होता. शर्यतीचा घोडा वेगळा आणि लष्करी घोडा वेगळा. चिखलात, घाईत शिकलेल्या पोरसवदा वैमानिकाच्या हातीही जो टिकेल तो खरा लष्करी घोडा. म्हणून त्या विमानाची चाकं एकमेकांपासून दूर, अंग दणकट, दुरुस्ती सोपी. युद्धाच्या काळात त्यांचा मान इतका वाढला की नव्या विमानांच्या नावाआधी कंपनीऐवजी त्यांच्या आडनावाची अक्षरं लागू लागली : ‘टीए’.

आणि त्यांतलं एक होतं टीए १५४. खास रात्रीच्या लढाईसाठी काढलेलं, दोन इंजिनांचं, आणि बरंचसं लाकडाचं. लाकूड का? धातू दुर्मिळ झाला होता, आणि सुतारकामाचे कारखाने, कारागीर देशभर होते. शिवाय ब्रिटिशांनी ‘मॉस्किटो’ नावाचं लाकडी दोन-इंजिनी विमान करून दाखवलं होतं, आणि ते जर्मनांना पकडता येत नव्हतं. म्हणून टँक यांच्या विमानालाही लोक मॉस्किटोच म्हणू लागले. १ जुलै १९४३ रोजी ते उडालं. उड्डाण उत्तम झालं, वेग चांगला. मोठ्या संख्येनं बनवायचा हुकूम निघाला.

मग गोंद आडवा आला. हो, गोंद! लाकडाचे थर चिकटवायला जो खास कृत्रिम गोंद लागत होता त्याचा वुपरटाल शहरातला कारखाना बाँबहल्ल्यात नष्ट झाला. दुसऱ्या कंपनीचा गोंद वापरला गेला. त्यातलं आम्ल लाकूड आतून खात होतं. जून १९४४ मध्ये कारखान्यातून आलेली विमानं हवेत असताना निखळली. टँक यांनी काम थांबवायला लावलं, आणि त्याबद्दल वरिष्ठांपुढे त्यांनाच जाब द्यावा लागला, असं या विमानाच्या इतिहासांत सांगितलेलं आहे. ऑगस्टमध्ये प्रकल्प गुंडाळला. जेमतेम पन्नासच्या आसपास विमानं बनली. गंमत अशी की ब्रिटिशांच्या खऱ्या मॉस्किटोलाही गोंदानंच दगा दिला, आणि तो आपल्या भारतात. १९४४ च्या पावसाळी, दमट हवेत इथल्या मॉस्किटोंचे सांधे सुटू लागले आणि काही काळ त्यांना जमिनीवर बसवावं लागलं. आपल्या घरातली प्लायवूडची कपाटं जुलै-ऑगस्टमध्ये फुगतात, दारं लागत नाहीत. मुलांना कारण समजवायला एवढं पुरेसं आहे.

इथं एक गोष्ट लपवू नये. फॉके-वुल्फसकट जर्मन विमान कारखान्यांत जिंकलेल्या देशांतून पकडून आणलेली माणसं सक्तीनं राबवली जात होती. टँक त्या कंपनीच्या अगदी वरच्या जागी होते. ‘ते फक्त रचना करत होते’ असं म्हणून आपण त्यांना बाजूला काढलं, तर मुलांना अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. ससाण्याला इंजिन मिळालं नाही आणि टीए १५४ ला गोंद मिळाला नाही, यात टँक यांचं नुकसान झालं असेल. जगानं मात्र सुटकेचा श्वास सोडावा असंच ते होतं.

युद्ध हरल्यावर टँक खोट्या नावाच्या कागदपत्रांवर अर्जेंटिनात गेले. तिथले सत्ताधीश पेरॉन यांना जेट विमान हवं होतं. कोर्डोबा शहरात टँक आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी ‘पुल्की २’ हे जेट बनवलं, १९५० मध्ये ते उडालं. त्याच्या चाचण्यांत वैमानिक मेले, पैसा आटला, १९५५ मध्ये पेरॉन यांची सत्ता गेली आणि सगळं विस्कटलं.

त्याच सुमारास स्वतंत्र भारत स्वतःचं लढाऊ विमान बनवायचा विचार करत होता. विमानांसाठी दर वेळी इंग्लंड-फ्रान्सच्या दारात उभं राहायचं नाही, हा नेहरूंच्या सरकारचा आग्रह. १९५६ मध्ये टँक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. (एअरक्राफ्टचं एरोनॉटिक्स झालं १९६४ मध्ये.)

या ठिकाणी आपल्या मातीतल्या एका माणसाची ओळख मुलांना नक्की करून द्या. डॉ. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीतल्या गोटिंगेन विद्यापीठात हवेच्या प्रवाहाच्या शास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांट्‌ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. टँक भारतात येण्याच्या पाच वर्षं आधीच, १९५१ मध्ये, घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बनलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान उडालं होतं, आणि आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या. पुढे ‘किरण’ हे शिकाऊ जेटही त्यांच्याच नेतृत्वाखाली झालं. म्हणजे टँक आले ते कोऱ्या पाटीवर आले नव्हते. घाटगे यांच्यावर स्वतंत्र पाठ व्हायला हवा.

मारुतची सुरुवात लाकडानं झाली. टँक यांचं लाकडाशी नातं तुटलं नव्हतं! बंगळुरूत आधी पूर्ण मापाचं, इंजिन नसलेलं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. डाकोटा विमानाच्या मागे दोरानं बांधून ते वर न्यायचे आणि सोडायचे. १९५९ पासून चाचणी वैमानिक सुरंजन दास यांनी अशी अनेक उड्डाणं केली. आकाराचे गुणदोष आधी असे स्वस्तात तपासून घेतले आणि मग १७ जून १९६१ रोजी खरं मारुत उडालं, चालक पुन्हा सुरंजन दास. दोन इंजिनं, मागे झुकलेले पंख, अंग अगदी रेखीव. नाव वेदांतल्या वादळाच्या देवांवरून. मारुती हा मरुताचा, म्हणजे वायूचा पुत्र, हे मुलांना सांगितलं की नाव विसरत नाहीत.

पण इंजिन? टँक यांनी विमान आखलं होतं ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी. त्यासाठी ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाची एक जास्त ताकदीची आवृत्ती लागणार होती. ब्रिटिशांनी तिचं काम सोडून दिलं. ते पुढे न्यायचा खर्च भारतानं उचलावा असं म्हटलं गेलं, आणि आपल्या सरकारनं तो उचलला नाही. मग जे साधं ऑर्फियस हाताशी होतं तेच बसवलं. दुसरीकडे शोध चालू राहिला. एक मारुत तर इजिप्तमध्ये नेऊन तिथल्या इंजिनावर उडवून पाहिलं. काही जमलं नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी जन्मलेलं विमान ध्वनीच्या अलीकडेच राहिलं. माझ्या मते टँक यांच्या आयुष्यातली ही तिसरी अडचण पहिल्या दोन अडचणींहून वेगळी मोजायला हवी. ससाण्याला इंजिन नाकारलं गेलं तो हिशेब जर्मन खात्याचा. इथं खर्च वाचवायचा निर्णय आपला होता आणि नुकसानही आपलं झालं.

तरी मारुत निकामी नव्हतं. १९६७ पासून ते हवाई दलात आलं, एकूण १४७ बनली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर जमिनीलगत उडून रणगाडे, रेल्वे, तळ यांच्यावर त्यांनी मारा केला. जमिनीवरच्या गोळीबारात एक इंजिन बंद पडल्यावरही दुसऱ्या इंजिनावर मारुत घरी परतल्याचे किमान तीन प्रसंग नोंदलेले आहेत. त्यांतलं एक तर शत्रूच्या प्रदेशात सुमारे २४० किलोमीटर आतून एकटं आलं. ‘दोन इंजिनं कशाला?’ असं मुलांनी विचारलं, तर याहून चांगलं उत्तर नाही.

सुरंजन दास हे पाहायला नव्हते. मारुतला जास्त ताकद मिळावी म्हणून इंजिनात जादा इंधन जाळायची सोय करून पाहत होते. जानेवारी १९७० मध्ये अशाच एका चाचणीत विमान कोसळलं आणि ते गेले. ज्या रस्त्यानं बंगळुरूच्या एचएएल परिसरात जातात त्याला त्यांचं नाव आहे.

टँक त्याआधीच, १९६७ मध्ये भारतातून गेले होते. उरलेलं आयुष्य जर्मनीत काढून ५ जून १९८३ रोजी म्युनिकमध्ये वारले. आपल्या हवाई दलातून मारुत त्यानंतरच्या काही वर्षांत निवृत्त झालं. त्यातलं एक जर्मनीला गेलं आणि म्युनिकजवळच्या श्लाइसहाइम इथल्या विमान संग्रहालयात ठेवलं आहे. टँक यांनी जर्मनीत काढलेली विमानं जर्मन नावांची. हे एक मात्र आपल्या देवांच्या नावाचं, शेपटीवर तिरंगा असलेलं.